गेमिंग लॅपटॉपची रॅम आणि एसएसडी वाढवायची आहे, कोल्हापुरात कुणी केलंय का?

पाचगावकर

नमस्कार मंडळी. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अकरावीला असताना, २०२१ च्या दिवाळीत वडिलांनी लॅपटॉप घेऊन दिला होता. इंटेलचा आय५ ११४००एच प्रोसेसर, आरटीएक्स ३०५० चार जीबीवालं ग्राफिक्स कार्ड, रॅम ८ जीबी डीडीआर४ (रॅमची पिढी) आणि ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी. विंडोज ११.

आता अडचण अशी, की सॉलिडवर्क्समध्ये (यंत्रांचं डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) जरा मोठी असेंब्ली उघडली की ब्राउझर बंद करावा लागतोय. रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळताना डिस्कॉर्ड चालू असेल तर मध्येच चित्र अडकतंय. रेड डेड रिडेम्प्शन २ हा गेम टाकायचा म्हटला तर तो एकटाच १५० जीबी मागतोय आणि माझा सी ड्राइव्ह कायम भरून लाल.

राजारामपुरीत दोन दुकानांत विचारलं. एक जण म्हणाला, "रॅमची ८ ची स्टिक आम्हाला दे, १६ ची एक टाकून देतो." दुसरा म्हणाला, "अजून एक ८ ची टाक, बास झालं." एसएसडीबद्दल दोघांचं म्हणणं एकच, १ टीबीची कुठलीही घे, सगळ्या सारख्याच. वडील उद्यमनगरात लेथवर आहेत, त्यामुळे पैसे एकदाच आणि योग्य जागी घालायचे आहेत. कुणाचं ऐकू?

गल्ली नंबर सात

आधी आत काय आहे ते बघ भावा, मग दुकानात जा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. खाली उजवीकडे "स्लॉट्स यूज्ड" दिसेल. "१ ऑफ २" असेल तर एक जागा मोकळी. स्पीड पण तिथंच दिसतोय. तुझ्या प्रोसेसरला डीडीआर४ ३२०० पर्यंतच चालतंय, त्यामुळे त्याच्यावरची महागडी स्टिक घेऊन उपयोग नाही. बहुतेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होताना आधी चालतं ते सॉफ्टवेअर) एक्सएमपीचा, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायचा पर्याय नसतो, त्या स्टिक शेवटी साध्या वेगावरच चालतात.

सर्किटताई

लॅपटॉप दुरुस्तीचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाचगावकर, "८ ची द्या, १६ ची एक घ्या" हा सौदा करू नकोस. आकडा दुप्पट होईल, पण स्टिक एकच राहील आणि तुझा खरा तोटा तिथंच आहे. एका स्टिकवर प्रोसेसरला मेमरीचा एकच चॅनेल मिळतो, ६४ बिटचा. दोन्ही स्लॉट भरले की दोन चॅनेल, १२८ बिट. साखर कारखान्यावर एकच वजनकाटा असला की ट्रॅक्टरची रांग गेटाबाहेर जाते, दुसरा काटा सुरू झाला की तेवढेच ट्रॅक्टर भराभर आत जातात. व्हॅलोरंटसारखा गेम कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त भार टाकतो. तिथं सरासरी एफपीएसपेक्षा (सेकंदाला दिसणारी चित्रं) मधले झटके कमी होणं जास्त जाणवतं, आणि तू तक्रार करतोयस ती झटक्यांचीच.

आता ज्याकडे दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही बघत नाहीत ते सांगते. स्टिकच्या लेबलवर "१आरएक्स१६", "१आरएक्स८" किंवा "२आरएक्स८" असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा रँकचा (एकत्र काम करणाऱ्या चिपांचा गट), शेवटचा एकेका चिपची रुंदी सांगणारा. स्वस्तात बसवायच्या म्हणून ८ जीबीच्या कितीतरी स्टिक १आरएक्स१६ असतात, म्हणजे १६ बिटच्या फक्त चार चिप. डीडीआर४ मध्ये एक्स१६ चिपला बँक ग्रुप दोनच असतात, एक्स८ ला चार. मेमरीला एक काम संपायच्या आत दुसरं उचलायला या ग्रुपचा उपयोग होतो. म्हणून वेग ३२०० आणि लेटन्सी (उत्तर द्यायला लागणारा उशीर) २२ असं दोन्हीकडे सारखंच लिहिलेलं असलं तरी एक्स१६ ची स्टिक गेममध्ये मागे पडते.

ओळखायची सोपी खूण म्हणजे चिप मोजायच्या. एकाच बाजूला चारच काळ्या चिप असतील तर एक्स१६. आठ असतील, किंवा दोन्ही बाजूंना मिळून सोळा, तर एक्स८. कव्हर न उघडता बघायचं असेल तर एचडब्ल्यूइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर घे, त्यात मेमरीखाली रँक आणि डिव्हाइस विड्थ दिसते.

बघून इथं लिही, मग पुढचं ठरवू.

पाचगावकर

ताई, बघितलं. स्लॉट १ ऑफ २. रँक १, डिव्हाइस विड्थ १६ बिट. म्हणजे तुम्ही म्हणालात तीच चार चिपवाली. मग आता ८ ची एक की १६ ची एक? आणि ८ अधिक १६ अशी विजोड जोडी चालते का? दुकानदार म्हणाला की चालत नाही, हँग होतं.

सर्किटताई

चालते. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये दोन्ही बाजूंचे ८-८ जीबी मिळून १६ जीबी दोन चॅनेलवर चालतात आणि उरलेले ८ जीबी एका चॅनेलवर. हँग व्हायचं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं, स्टिक नीट बसलेली नसते किंवा मुळातच खराब असते.

तुझ्यासाठी माझी पसंती अशी. खिशाला जमत असेल तर १६ जीबीच्या दोन सारख्या स्टिक, एक्स८ चिपवाल्या. एवढं जमत नसेल तर १६ ची एक एक्स८ आणून जुन्या ८ शेजारी बसव, २४ जीबी होतील. पुढे कधी जुनी काढून तिथं दुसरी १६ ची बसवता येते. ८ ची दुसरी घेऊन १६ वर थांबायला मी सांगणार नाही. सॉलिडवर्क्स, ब्राउझर आणि एक गेम एवढ्यावरच ते संपेल, मग तुला दोन्ही स्टिक काढून टाकाव्या लागतील.

अजून एक. तुझं कार्ड चार जीबीचं आहे. टेक्स्चर (गेममधल्या पृष्ठभागांची चित्रं) त्यात मावेनाशी झाली की गेम साध्या रॅमकडे वळतो. रॅमही भरलेली असेल तर एसएसडीवरच्या पेजफाइलकडे, म्हणजे रॅम अपुरी पडली की विंडोज वापरतो त्या फाइलकडे. तुझे काही झटके तिथूनही येत असणार.

उद्यमनगरी

पैशाचा विषय निघाला म्हणून लिहितो. किमती बघितल्या का अलीकडे? २०२५ च्या मध्यात लॅपटॉपची रॅम स्वस्त होती, दिवाळीनंतर दुपटीच्याही पुढे गेली. दुकानदार लुबाडतोय असं वाटायला लागतं, पण त्याला वरूनच तशी येतेय. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात, आणि एआयच्या डेटा सेंटरसाठी लागणारी एचबीएम मेमरी त्यांना जास्त पैसे देते. कारखाने तेच, सिलिकॉन तेच, मग आपल्यासारख्यांची स्टिक मागे पडते. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीरच केलं की क्रूशियल नावाने आपल्याला मिळणारा माल बंद करणार. वर्षानुवर्षं आपण डोळे झाकून घेत होतो तो ब्रँड.

थांबलं तर उतरेल का, असं मला रोज कुणीतरी विचारतंय. गरज आज असेल तर आज घ्यावी, पण गरजेपुरतीच. ६४ जीबीच्या नादाला लागायची ही वेळ नव्हे.

गल्ली नंबर सात

उद्यमनगरी, बरोबर बोललात. म्हणूनच वापरलेली रॅम हा पर्याय मी सुचवतो. रॅम सहसा खराब होत नाही आणि लॅपटॉपमधून काढलेल्या स्टिक शाहूपुरीकडे मिळतात. फक्त लेबल शाबूत पाहिजे, सॅमसंग, हायनिक्स किंवा मायक्रॉनची मूळ स्टिक पाहिजे, आणि दुकानदाराने "चालली नाही तर बदलून देतो" असं बिलावर लिहून दिलं पाहिजे. घरी आणली की मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर लावायची. एक जरी एरर आली तर सकाळी परत.

वापरलेली एसएसडी मात्र मी घेणार नाही. तिची झीज होते.

करवीरकाका

माझा लॅपटॉप गेमिंगचा नाही, ऑफिसचा पातळ आहे. त्यात १६ जीबी होईल का?

सर्किटताई

काका, मॉडेल बघून सांगावं लागेल, पण पातळ लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा एलपीडीडीआर प्रकारची मेमरी बोर्डावरच सोल्डर केलेली असते. तशी असेल तर वाढवता येत नाही. कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून सर्व्हिस मॅन्युअल उघडा. लेनोवो, डेल, एचपी यांची मॅन्युअल सगळ्यांना मोफत बघता येतात. त्यात रॅम स्लॉटचं चित्र नसेल तर दुकानात हेलपाटा घालू नका.

एनव्हीएमईवेडा

आता एसएसडीवर मी लिहितो, कारण "सगळ्या सारख्याच" हे वाक्य वाचून राहवलं नाही.

सारख्या नसतात! आत जी फ्लॅश (डेटा साठवणाऱ्या चिप) असते तिचे बाजारात मुख्य दोन प्रकार. टीएलसीमध्ये एका सेलमध्ये तीन बिट, क्यूएलसीमध्ये चार. क्यूएलसी स्वस्त पडते, आणि डब्यावरचा वेग दोन्हीचा जवळपास सारखाच दिसतो, कारण तो वेग सुरुवातीच्या एसएलसी कॅशचा (एसएसडीतला छोटा वेगवान भाग) असतो. मोठा गेम उतरवताना किंवा दुसऱ्या ड्राइव्हवरून हलवताना ती कॅश भरली, की क्यूएलसी एसएसडी जुन्या हार्डडिस्कच्या पातळीवर येऊ शकते. ड्राइव्ह निम्म्याच्या वर भरलेला असेल तर कॅश अजून लहान होते.

झिजेचा आकडा डब्यावर किंवा डेटाशीटमध्ये टीबीडब्ल्यू म्हणून देतात, म्हणजे एकूण किती टीबी लिहिता येतील ते. १ टीबीच्या टीएलसी एसएसडीला, उदाहरणार्थ डब्ल्यूडी ब्लॅक एसएन७७० किंवा सॅमसंग ९८० प्रोला, ६०० टीबीडब्ल्यू आहे. क्रूशियल पी३ ही क्यूएलसी, तिला त्याच आकारात २२०. गेम खेळणाऱ्याचे २२० सुद्धा लवकर संपत नाहीत, हे खरं. पण किमतीत थोडाच फरक असेल तर टीएलसी घे. आणि काही स्वस्त मॉडेलमध्ये कंपनी नाव तेच ठेवून आतल्या चिप बदलत राहते, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचा रिव्ह्यू वाचून घेतलेली एसएसडी तीच असेल याची खात्री नाही.

डीरॅम कॅश (एसएसडीची स्वतःची छोटी रॅम) नसलेली चालेल का, हा पुढचा प्रश्न येणारच. चालेल. हल्लीच्या चांगल्या एनव्हीएमई एसएसडी लॅपटॉपच्या रॅममधला छोटा तुकडा त्या कामाला वापरतात. एसएन७७० मध्येही वेगळी डीरॅम नाही.

जेन ३ की जेन ४ (एसएसडी ज्या पीसीआयई मार्गाने जोडतात त्याची पिढी)? तुझ्या प्रोसेसरला जेन ४ आहे, पण एसएसडीचे दोन स्लॉट असले तर दोन्ही जेन ४ असतीलच असं नाही, मॅन्युअलमध्ये बघ. जेन ४ ची एसएसडी जेन ३ च्या स्लॉटमध्ये बिनधास्त चालते, वेग सेकंदाला साधारण ३५०० एमबीला अडतो एवढंच. गेम लोड होताना जेन ३ आणि जेन ४ मधला फरक डोळ्याला दिसणं अवघड आहे. त्यासाठी वेगळे पैसे मोजू नकोस.

पाचगावकर

मॅन्युअल सापडलं. एम.२ चे (एसएसडी बसवायचे) दोन स्लॉट आहेत, दोन्ही २२८० आकाराचे. एक रिकामा. म्हणजे जुनी तशीच ठेवून नवी शेजारी बसवता येईल?

एनव्हीएमईवेडा

मग काम निम्मं झालं. विंडोज जुन्या ५१२ वर राहू दे, नवी १ टीबी फक्त गेम आणि सॉलिडवर्क्सच्या फाइलींसाठी. क्लोन (डिस्कची हुबेहूब नक्कल) नको, जुनी फॉरमॅट करायला नको. नवी बसवल्यावर ती "धिस पीसी"मध्ये दिसणार नाही, तेव्हा घाबरू नकोस. स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघड, इनिशियलाइझला जीपीटी (डिस्कची विभागणी मांडायची पद्धत) निवड, नवा व्हॉल्यूम बनव, त्यात एनटीएफएस (फाइली ठेवायची पद्धत). १ टीबीच्या जागी ९३१ जीबी दिसतील. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, फसवणूक नाही. मग स्टीममध्ये सेटिंग्ज, स्टोरेज, तिथून गेम निवडून "मूव्ह". पुन्हा डाउनलोड करायला लागत नाही.

दोन गोष्टी दुकानातच बघून घे. जाड हीटसिंकवाली एसएसडी घेऊ नकोस, ती डेस्कटॉपसाठी असते, लॅपटॉपचं कव्हर बसणार नाही. आणि रिकाम्या स्लॉटचा छोटा स्क्रू बहुतेक वेळा लॅपटॉपमध्ये नसतोच. तो स्क्रू नसला की एसएसडी तिरकी उभी राहते. लॅपटॉप सोबत ने आणि स्क्रू लावूनच बघ.

सर्किटताई

वरच्यात एक भर, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. कव्हर उघडायच्या आधी सेटिंग्जमध्ये "डिव्हाइस एन्क्रिप्शन" किंवा बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघ. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं असेल तर ते आपोआप चालू झालेलं असू शकतं, आपल्याला पत्ताही नसतो. रॅम बदलून सहसा काही होत नाही, पण त्याच बैठकीत कुणी बायोस अपडेट केला किंवा सिक्युअर बूटला (चालू होतानाची सुरक्षा तपासणी) हात लावला, की पुढच्या वेळी निळा पडदा येतो आणि ४८ अंकी रिकव्हरी की (कुलूप उघडायचा कोड) मागतो. ती नसेल तर आतलं सगळं कुलूपबंद. माझ्याकडे अशी माणसं येतात तेव्हा मला काहीच करता येत नाही, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. घरातल्या बाळाचे फोटो, पीएचडीचा डेटा, सगळं आत असतं. ही की मायक्रोसॉफ्ट खात्यावर ठेवलेली असते, ती आजच कागदावर उतरवून घे. आणि प्रोजेक्टच्या फाइली बाहेर कुठंतरी कॉपी कर.

ज्यांच्या लॅपटॉपला एकच एम.२ स्लॉट आहे त्यांच्यासाठी: नवी एसएसडी यूएसबी एन्क्लोजरमध्ये (बाहेरून जोडायची डबी) घालून क्लोन करता येते. मॅक्रियम या क्लोनच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती २०२४ पासून बंद आहे, क्लोनझिला मोफत आहे पण त्यात मूळ आणि नवी डिस्क निवडताना दोनदा वाचा. उलटं निवडलं तर रिकामी डिस्क भरलेल्यावर उतरते. विंडोज नव्याने टाकणार असाल तर ११व्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा "ड्राइव्ह सापडत नाही" असं येतं. एसएसडी बिघडलेली नसते. इंटेलचा व्हीएमडी (एसएसडी हाताळणारी इंटेलची सोय) चालू असतो, त्याचा आयआरएसटी ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन "लोड ड्रायव्हर" केलं की दिसते. विंडोजची की परत विकत घ्यायची नाही, डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं.

गल्ली नंबर सात

बसवायचं स्वतः की दुकानात?

सर्किटताई

हात स्थिर असेल तर स्वतः. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरायचं. मागचे स्क्रू लांबीला वेगवेगळे असतात, म्हणून कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून जिथला स्क्रू तिथंच ठेवायचा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरच्या बाजूला फुगवटा येतो. कव्हर प्लॅस्टिकच्या पट्टीने उचकटायचं, स्क्रूड्रायव्हरने नाही. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. त्यानंतरच रॅमला हात. आता थंडीत हवा कोरडी आहे, स्वेटर घालून बसू नकोस, आधी धातूच्या कशाला तरी हात लाव.

स्टिक तिरकी, तीस-चाळीस अंशांत, सोनेरी पट्टी दिसेनाशी होईपर्यंत आत सरकवायची, मग खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या क्लिपांचा आवाज आला पाहिजे. "रॅम लागली नाही" म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांत बऱ्याच स्टिक नुसत्या अर्धवट बसलेल्या असतात.

उघडलाच आहेस तर पंख्याची धूळ काढ. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेव, गरगर फिरू देऊ नकोस.

दुकानात करणार असशील तर समोर बसून करून घे, आणि जुनी स्टिक काढली तर ती मागून घे. तुझीच आहे ती. वॉरंटी चालू असणाऱ्यांनी आधी कंपनीच्या केंद्रात विचारून घ्यावं, स्क्रूवर स्टिकर असेल तर विशेषतः.

पाचगावकर

झालं! १६ जीबीची एक, १आरएक्स८, चिप मोजून घेतली. दुकानदाराने आधी चार चिपवालीच काढली होती. "ही नको, आठवाली दाखवा" म्हटल्यावर आतून दुसरी आणली. १ टीबी टीएलसी एसएसडी, सीलबंद, बिलावर सिरीयल नंबर लिहून घेतला. घरी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पॉवर ऑन अवर्स शून्य दिसले. स्क्रू खरंच नव्हता, दुकानातच मिळाला.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन बराच वेळ काळीच राहिली, मग आपोआप सुरू झालं. २४ जीबी, सीपीयू-झेडमध्ये चॅनेल ड्युअल. मेमटेस्ट रात्रभर लावला, एरर नाही. व्हॅलोरंटमधले झटके गेले. असेंब्ली आणि ब्राउझर एकत्र उघडतंय. सर्वांचे मनापासून आभार, ताई, तुमचे विशेष.

वडील बघत बसले होते शेजारी. स्क्रू कागदावर मांडलेले बघून म्हणाले, आमच्यात पण असंच मांडतात.

उद्यमनगरी

भारी. काळ्या स्क्रीनबद्दल इतरांसाठी लिहितो. नवी रॅम लागली की बायोस तिची वेळ जुळवून घेतो, त्याला ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर५ वाल्या लॅपटॉपमध्ये याला काही मिनिटंही लागू शकतात. तेवढ्यात बटण दाबून बंद करू नका.

पाचगावकर

एक शेवटचं. पुढे जुनी ८ ची काढली तर मित्राच्या नव्या लॅपटॉपला देता येईल का? त्याचा डीडीआर५ आहे.

सर्किटताई

नाही. डीडीआर४ ला २६० पिना, डीडीआर५ ला २६२, आणि मधली खाच वेगळ्या जागी. बसणारच नाही, जोर लावायला जाऊ नका. डीडीआर४ वाला कुणी जुना लॅपटॉप घेऊन कॉलेजला येत असेल तर त्याला दे, त्याच्या ४ जीबीचे १२ होतील.